तपासणी चालू आहे... कृपया थांबा!

आमच्या विंगमध्ये मला ‘डॉक्टर’ म्हणतात. आहे मी मेकॅनिकलचा, एम-थ्री एकदा राहिलेलं आहे, आणि कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या बिल्डिंगमध्ये मी फक्त एसीची हवा खायला जातो. पण कोणाचा लॅपटॉप रडायला लागला की पोरं तो उचलून थेट माझ्या रूमवर येतात, विशेषतः सबमिशनच्या आदल्या रात्री. फी ठरलेली आहे. बारापर्यंत कटिंग आणि वडापाव, बारानंतर मॅगी. रेक्टर सरांचा डेस्कटॉपसुद्धा मी एकदा बघितला आहे. त्याची फी अर्थातच घेतली नाही, पण त्यानंतर एकदा गेटवर उशिरा आलो तेव्हा रजिस्टरमध्ये नाव लागलं नाही. (सर, हे वाचत असाल तर सॉरी.)

उपचार माझ्याकडे तीनच होते. पहिला रीस्टार्ट, दुसरा चेकडिस्क, तिसरा फॉरमॅट. रीस्टार्टने बरा झाला तर किरकोळ आजार, फॉरमॅटची वेळ आली तर पेशंट गेल्यातच जमा. मधला चेकडिस्क मला फार आवडायचा, कारण तो दिसतो भारी. काळा किंवा निळा पडदा, त्यावर भराभर पळणाऱ्या ओळी, टक्केवारी... शेजारी उभ्या असलेल्या पोराला वाटतं, आत काहीतरी मोठं ऑपरेशन चाललंय. आपण हाताची घडी घालून गंभीर चेहऱ्याने बघत राहायचं. आत नेमकं काय चाललंय हे मलाही माहीत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तर मंडळी, हा लेख मी मारलेल्या एका पेशंटबद्दल आहे. पेशंट आमच्या घरचाच होता.

पप्पांचं भाईंदर पश्चिमेला डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे आठ बाय दहाचा गाळा. एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि वर पोटमाळा. २००१ साली त्यांनी ते सुरू केलं तेव्हा गावाला नगरपरिषद होती. २००२ साली महानगरपालिका झाली आणि सगळ्या अर्जांचे नमुने नव्याने टाईप करावे लागले. त्या महिन्यात पहिल्यांदा धंद्यात चार पैसे सुटले असं ते अजून सांगतात. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, त्यांनी सगळ्यात आधी सीपीयू पोटमाळ्यावर चढवला, मग गल्ला, आणि मग ते स्वतः. क्रम लक्षात घ्या.

गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं. पूर्वेकडचे स्टीलच्या भांड्यांचे कारखानदार, त्यांची बिलबुकं आणि चलनं. २०१७ला जीएसटी आला तेव्हा महिनाभर पप्पा रात्री अकराच्या आत घरी आले नाहीत. दुसरे आमचे मुर्धा, राई, मोर्वा या गावांतले आगरी लोक. साखरपुडे, लग्नपत्रिका, हळदीचे बॅनर. (आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणसं येतात. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही.) आणि तिसरे उत्तनकडचे ख्रिस्ती कोळी. त्यांची पत्रिका मराठीतच, पण वर गणपतीच्या जागी क्रूस आणि दोन अंगठ्या, आणि आत मुहूर्ताच्या जागी मिस्साची वेळ.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे चित्रं. पत्रिकेवरचे गणपती, कलश, मुंडावळ्या बांधलेलं जोडपं ही चित्रं बाजारात सीडीवर तयार मिळायची, आता नेटवर मिळतात. पप्पांनी ती कधी वापरली नाहीत. कोरल ड्रॉमध्ये, साध्या माऊसने, त्यांनी वीसेक वर्षांत स्वतःची चित्रं काढली. एका रेषेतला गणपती, डाव्या सोंडेचा आणि उजव्या सोंडेचा वेगळा. उत्तनच्या लोकांसाठी शिडाची होडी. आणि एक कलश, ज्याच्या पाच पानांपैकी एक जरा वाकडं आहे. २००३ साली काढताना माऊस घसरला, ते तसंच राहिलं, आणि लोकांना तेच आवडलं. ‘वाकड्या पानाचा कलश टाका’ असं सांगणारी गिऱ्हाईकं मी स्वतः ऐकली आहेत. अशी सगळी मिळून दोनशे चाळीसच्या आसपास चित्रं डी ड्राईव्हवर एका फोल्डरमध्ये होती.

आणि फक्त तिथेच होती.

२०२३च्या नोव्हेंबरात पी.एल.ला मी घरी गेलो. तुळशीचं लग्न उरकलेलं, पत्रिकांचा सीझन सुरू झालेला. पप्पा म्हणाले, “अरे, मशीन फार स्लो झालंय. फाईल उघडायला घेतली की मिनिटभर अडकून बसतं. तू बघशील का? तुझ्या हॉस्टेलवर म्हणे तू सगळ्यांचे बघतोस.”

आता बापाने असं म्हटल्यावर कोणत्या मुलाची छाती फुगणार नाही?

मशीन जुनंच होतं. विंडोज सेव्हन, कारण श्रीलिपीचं जुनं डाँगल नव्या विंडोजवर चालेल की नाही या भीतीने पप्पांनी ते कधी बदललं नाही. हार्ड डिस्क ५०० जीबीची, २०१४ साली घेतलेली. मी दोन फाईल्स उघडून बघितल्या. खरंच अडकत होतं. अडकलं की आतून ‘टिक... टिक... टिक’ असा बारीक आवाज यायचा, मग थोडी शांतता, मग फाईल उघडायची. मी विचारलं, “लाईट वगैरे गेली होती का?” ते म्हणाले, “गणपतीत दोन-तीनदा गेली होती, यूपीएसची बॅटरी मेलीय.” झालं! निदान पक्कं. मशीन नीट बंद न होता बंद पडलंय, फाईल सिस्टिम बिघडलीय, उपचार नंबर दोन.

पप्पांनाही पटलं. त्यांच्या पहिल्या विंडोज ९८च्या मशीनवर लाईट गेली की पुढच्या वेळी स्कॅनडिस्क आपोआप सुरू व्हायचं आणि विंडोज नीट बंद केलं नाही म्हणून वर बोलणी ऐकवायचं. ते चालू असताना पप्पा उदबत्ती लावून घ्यायचे. दोन्ही कामं साधारण एकाच वेळी संपायची.

रात्री साडेअकराला दुकानात बसून मी माय कॉम्प्युटर उघडलं. ड्राईव्हवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक नाऊ. तिथे दोन चौकोन येतात. एक, फाईल सिस्टिमच्या चुका आपोआप दुरुस्त करा. दोन, खराब सेक्टर शोधा आणि त्यातलं वाचवायचा प्रयत्न करा. कमांड प्रॉम्प्टवर हेच चेकडिस्कला स्लॅश एफ आणि स्लॅश आर म्हणून द्यावं लागतं. मी दोन्हीवर टिचकी मारली. सी आणि डी, दोन्ही ड्राईव्हसाठी. रीस्टार्ट केलं. ‘तपासणी टाळायची असेल तर दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा’ असा मेसेज आला. दहा, नऊ, आठ... मी हाताची घडी घातली.

इथे थोडं थांबून, मला त्या रात्री माहीत नसलेली गोष्ट सांगतो. हॉस्टेलवर निम्मे जण गावाकडचे आहेत, म्हणून सातबाऱ्याच्या भाषेत सांगतो.

डिस्क म्हणजे जमीन समजा, आणि फाईल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचं दप्तर. कोणत्या नावाची फाईल कुठल्या गटात, किती क्षेत्रात आहे हे दप्तरात लिहिलेलं असतं. चेकडिस्कच्या एकूण पाच पायऱ्या. पहिल्या पायरीत ते एकेका फाईलची नोंद वाचतं, म्हणजे सातबारे बघतं. दुसरीत फोल्डरमधल्या नावांशी त्या नोंदी जुळतात का ते बघतं, म्हणजे सातबारा आणि आठ-अ यांचा मेळ घालतं. तिसरीत हक्क कोणाचे ते बघतं. या तिन्ही पायऱ्या दप्तराच्या. प्रत्यक्ष शेतात पाय ठेवायचा तो चौथ्या आणि पाचव्या पायरीत, आणि तोही स्लॅश आर दिलं तरच. चौथीत वापरातली जमीन इंच इंच मोजायची, पाचवीत पडीक.

आता यातली गोम अशी. चेकडिस्कचं काम दप्तर नीट करणं हे आहे, पीक वाचवणं हे नाही. एखादा सातबारा वाचता येत नसेल तर ते तो रद्द करतं, आठ-अ मधलं नाव खोडतं, आणि दप्तर जुळलं म्हणून सही ठोकतं. दप्तराच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे. शेतकऱ्याचं काय झालं हा त्याचा विषय नाही.

आणि जमीनच खाडीत चालली असेल तर? आमच्या आजोबांच्या मिठागराशेजारच्या तुकड्याचं तेच झालं होतं. बांध फुटला, खाडी आत आली, आणि आठ वर्षं सातबारा मात्र चोख होता.

सी ड्राईव्ह पाऊण तासात पार पडला, एकही तक्रार नाही. मी चहा प्यायलो. साडेबाराच्या सुमारास डी सुरू झाला. पहिल्या पायरीतच ओळी यायला लागल्या. फाईल रेकॉर्ड सेगमेंट अमुक इज अनरीडेबल. पुढचा नंबर, अनरीडेबल. त्याच्या पुढचा, अनरीडेबल. दरवेळी तोच ‘टिक... टिक’. मला वाटलं, वा, रोग सापडतोय! दुसऱ्या पायरीत ओळी बदलल्या. डिलीटिंग इंडेक्स एन्ट्री, आणि पुढे फाईलचं नाव. नावं पप्पांच्या पद्धतीची होती. ‘गणपती-डावी-२’. ‘होडी-शिड’. ‘जोडपं-मुंडावळ्या-जाड’. एकामागून एक वर सरकत गेली. मी ती वाचली. शपथेवर सांगतो, मी ती वाचली, आणि मला वाटलं जुना कचरा साफ होतोय. ‘डिलीटिंग’ हा शब्द डोळ्यांसमोर होता, पण वर ‘चेक’ लिहिलंय ना! चेक म्हणजे तपासणं. मराठीत तपासणी आणि दुरुस्ती हे दोन वेगळे शब्द आहेत, दोन वेगळ्या खिडक्यांवर दोन वेगळी माणसं बसतात. त्या डब्यात दोन्हींमध्ये एका टिचकीचं अंतर होतं.

चौथ्या पायरीत १७ टक्क्यांवर गाडी थांबली. दीड वाजला, दोन वाजले, १७ टक्के. आवाज आता बारीक राहिला नव्हता. मी खुर्चीतच झोपलो.

साडेसहाला पप्पांनी शटर वर केलं. स्क्रीनवर १८ टक्के. दहा वाजता राईच्या एका लग्नाची पत्रिका ऑफसेटवाल्याकडे प्लेटसाठी जायची होती. पप्पा काही बोलले नाहीत, मोबाईलवरचं घड्याळ बघत उभे राहिले. सव्वासातला म्हणाले, “बंद करू या का?” मी म्हटलं, “नको पप्पा, मध्येच बंद केलं तर डेटा जातो.” ते बिचारे थांबले. हॉस्टेलचा डॉक्टर सांगतोय म्हणजे खरंच असणार. आठ वाजता मीच बटण दाबून ठेवलं.

विंडोज उघडलं. डी ड्राईव्हही उघडला. चित्रांचा फोल्डर उघडायला वेळ लागला नाही, कारण त्यात फारसं काही उरलंच नव्हतं. ड्राईव्हच्या मुळाशी फाउंड डॉट शून्य शून्य शून्य नावाचा एक लपवलेला फोल्डर दिसला, त्यात मूळ नाव-गाव हरवलेल्या फाईली, शेवटी डॉट सीएचके. त्यातली एक कोरलमध्ये ओढली. कोरलने फाईल करप्ट आहे म्हणून सांगितलं, आणि मग मशीन जे गोठलं ते गोठलंच.

पप्पा खाली वाकले, टेबलाखालची एक जाडजूड फाईल काढली. त्यांची सवय आहे, प्रत्येक कामाचं प्रूफ छापायचं, गिऱ्हाईकाची सही घ्यायची, आणि ते भोक पाडून फाईलला लावायचं. ‘उद्या नावात चूक निघाली तर सही कोणाची?’ म्हणून. ती फाईल काखेत मारून ते पूर्वेला त्यांच्या एका मित्राच्या डीटीपीत गेले, पत्रिकेचं सगळं मॅटर प्रूफवरून पुन्हा टाईप केलं, आणि साडेबाराला ऑफसेटवाल्याकडे पोचवलं. मला एक शब्द बोलले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, “यूपीएसची बॅटरी मीच बदलायला हवी होती.” याच्यापेक्षा दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी मी इथे आमच्या विंगमधल्या कॉम्प्सच्या सीनियरला फोन केला. संभाषण असं झालं.

“आधी कॉपी काढलीस?”

“नाही.”

“स्मार्ट बघितलंस?”

“नाही.”

“इव्हेंट व्ह्यूअर तरी?”

“...”

“टिक टिक आवाज येत होता आणि तू स्लॅश आर मारलास?”

“हो.”

“अरे, हार्ट अटॅक आलेल्या माणसाला तू ट्रेडमिलवर चढवलास!”

मग त्याने समजावलं. डेस्कटॉपच्या साध्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, मोजक्या नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस हजारो पट जाड असतो. तबकडी कुठे खरवडली गेली असेल किंवा हेडच थकलं असेल तर डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बघते. तो आमचा ‘टिक टिक’. अशा डिस्कला आणखी किती वाचन झेपेल याची खात्री नसते. जी काही वाचनं शिल्लक आहेत ती आधी डेटा बाहेर काढायला वापरायची. मी ती सगळी रात्रभर, रिकामी जमीनसुद्धा मोजायला निघालेल्या मोजणीदाराला देऊन टाकली होती.

त्याच्या सांगण्यावरून डिस्क काढली, नवी १ टीबीची आणली, दुसऱ्या मशीनला दोन्ही लावून लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून बूट केलं आणि डीडीरेस्क्यू चालवलं. (हे विंडोजमध्ये नसतं, पण फुकट आहे.) ते फाईलींचा विचारच करत नाही. आधी जे सुखासुखी वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं की तिथली खूण करून पुढे जातं, आणि सगळ्यात शेवटी अवघड जागांकडे वळतं. जुन्या डिस्कवर ते काही लिहीत नाही. दोन दिवस चाललं. बिलबुकं आली, पत्रिकांच्या बहुतेक फाईली आल्या. आलेल्या कॉपीवर नंतर चित्रं हुडकत बसलो. शेवटी एकसष्ट चित्रं मिळालीच नाहीत. वाकड्या पानाचा कलश त्यांतलाच. जुन्या पत्रिकांच्या फाईलींत तो सापडेल म्हणून मी उड्या मारल्या, तर पप्पा म्हणाले, पत्रिका प्लेटला गेली की ते चित्र खाली करून टाकतात, फाईल जड होते म्हणून. तेव्हाच्या डिस्क लहान होत्या. सवय राहिली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. सी ड्राईव्ह तर धडधाकट होता, म्हणून त्यातला सिस्टिम लॉग दुसऱ्या मशीनवर उघडून बघितला. इव्हेंट व्ह्यूअर नावाचं हे खातं प्रत्येक विंडोजमध्ये असतं आणि आपण ते जन्मात उघडत नाही. तिथे लाल खुणांची रांग होती. सोर्स डिस्क, इव्हेंट आयडी ७, मजकूर असा की या डिव्हाईसवर खराब ब्लॉक आहे. सगळ्यात जुनी नोंद गणपतीतली. मग आठवड्याला एक, मग रोज, शेवटी दिवसाला चाळीस-पन्नास. दोन महिने ती डिस्क रोज तक्रार अर्ज लिहीत होती. मी आलो तेव्हा तो अर्ज पाच मिनिटांत वाचून झाला असता. त्या क्षणी बहुतेक चित्रं शाबूत होती, कारण अडकत-अडकत का होईना, फाईली उघडत होत्या. कॉपी-पेस्ट केलं असतं तरी भागलं असतं.

बरं, विंडोजला विचारण्याची आणखी एक जागा आहे. कमांड प्रॉम्प्टवर डब्ल्यूमिकची आज्ञा दिली की ते डिस्कची प्रकृती एका शब्दात सांगतं. (नव्या विंडोज ११मधून ती आज्ञा आता काढली जाते आहे, तिथे पॉवरशेलमध्ये गेट-फिजिकलडिस्क विचारायचं.) मी त्या मरणाऱ्या डिस्कला ते विचारून बघितलं. उत्तर आलं, ओके! आणि स्मार्टचे कच्चे आकडे काढले तर वाचता न आलेले, निकाल लागायचे बाकी असलेले सेक्टर होते तीनशेच्या वर. म्हणजे असं, की बनवणाऱ्याने जी रेषा ठरवली आहे ती ओलांडेपर्यंत डिस्क पास. अगदी आपल्या ग्रेसिंगसारखं. २००७ साली गूगलच्या लोकांनी लाखाच्या वर डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यांच्याकडे बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी तापमान सोडून स्मार्टच्या कोणत्याच खात्यात आधी काही तक्रार केलेली नव्हती. पण ज्यांनी पहिली स्कॅनची चूक दाखवली, त्या पुढच्या साठ दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट. म्हणजे ‘ओके’ म्हणाली तर विश्वास ठेवायचा नाही, आणि कण्हली तर मात्र लगेच ठेवायचा.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात क्रम बदलला आहे. लॅपटॉप आला की पहिला प्रश्न, कॉपी कुठे आहे? निम्मे पेशंट इथेच परत जातात. मग इव्हेंट व्ह्यूअर. मग स्मार्टचे आकडे. मग चेकडिस्क, पण नुसतं, मागे काही न लावता. तसं चालवलं तर ते फक्त बघतं आणि सांगतं, हात लावत नाही. विंडोज ८पासून स्लॅश स्कॅनही आहे, ते मशीन चालू ठेवून बघता येतं. स्लॅश एफ द्यायचं ते डिस्क ठणठणीत आहे आणि केवळ लाईट गेल्याने दप्तर बिघडलंय अशी खात्री झाल्यावर. स्लॅश आर मी त्या रात्रीनंतर एकदाच मारलं आहे, आणि तेही रिकाम्या डिस्कवर. लिनक्सवाल्यांनी हसू नये. माऊंट असलेल्या पार्टिशनवर एफएसके चालवणारा एक महाभाग आमच्याच मजल्यावर राहतो. आणि ज्यांच्याकडे एसएसडी आहे त्यांनी तर अजिबात हसू नये. त्यांची डिस्क टिक टिकसुद्धा करत नाही, बरेचदा संध्याकाळी चालू असते आणि सकाळी नसते.

राहिली ती राईची पत्रिका. छापून आली तेव्हा मी दुकानातच होतो. नवरीची आई गठ्ठे मोजून घ्यायला आली होती. तिने वरची पत्रिका हातात धरली, जरा लांब नेली, आणि म्हणाली, “भाऊ, हा कलश तुमचा नाही.” तो पूर्वेच्या मित्राकडच्या सीडीतला होता. पप्पा म्हणाले, “मशीन बिघडलं होतं, वहिनी.” तिने “माझ्या मोठीच्या पत्रिकेवर तुमचा होता” एवढंच म्हटलं, पैसे दिले आणि गेली. मी झेरॉक्स मशीनमध्ये कागद भरत होतो. भरलेलाच ट्रे पुन्हा भरला.

आता दुकानात नवं मशीन आहे, यूपीएसला नवी बॅटरी आहे, आणि चित्रांच्या तीन कॉपी आहेत. एक मशीनमध्ये, एक घरी कपाटात, एक इथे माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. महिन्याच्या पहिल्या रविवारी पप्पा दुकान उघडायच्या आधी फोन करतात आणि लॉग वाचून दाखवतात. “सात नंबर नाही. पंचावन्न नंबर नाही. पिवळे दोन आहेत, वाचू का?” पिवळे सोडून द्या म्हटलं तरी ते वाचतातच.

एकसष्टपैकी चाळीसेक चित्रं त्यांनी पुन्हा काढली आहेत. होडी पहिल्यापेक्षा चांगली जमली आहे, हे मी उगाच म्हणत नाही. कलशही काढला. पण त्याची पाचही पानं सरळ आली. गेल्या वेळी घरी गेलो तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून एक पान वाकडं करत बसले होते. थोडं ओढायचं, लांबून बघायचं, पुन्हा मागे. मी म्हटलं, जुनी छापील पत्रिका स्कॅन करून त्यावरून गिरवा ना. ते म्हणाले, “ते केलं. रेष तीच येते, पण मुद्दाम वाकवलेलं दिसतं रे.”

फाईल सेव्ह करून त्यांनी पेन ड्राईव्ह माझ्याकडे दिला. नाव होतं, ‘कलश-वाकडं-१४’.